सोळावा शिक्का

आदरणीय अध्यक्ष त्रिविक्रमराव, व्यासपीठावरील डॉक्टर श्रीदेवी, आजचे सत्कारमूर्ती बदरीनाथराव आणि कुंभकोणमच्या आपल्या मराठी मंडळींनो, नेत्ररुग्णालयाच्या प्रयोगशाळेतली मी महालक्ष्मी आपणा सर्वांना वंदन करते.

बदरीनाथरावांनी आमच्या रुग्णालयाचा मेल सर्व्हर सव्वीस वर्षं सांभाळला. परवा ते निवृत्त झाले. हे काम नेमकं काय, इथे किती जणांना ठाऊक असेल? मलाही सहा वर्षांपूर्वीच कळलं, आणि फार वाईट रीतीने.

स्वामीमलैच्या मूर्तिशाळेत कानशीने मूर्ती घासताना आपल्या हनुमंतरावांच्या डाव्या डोळ्यात किरची गेली. जखमेत बुरशी धरली. तपासणीचा अहवाल तयार होताच मी तो तंजावरच्या शाखेतल्या त्यांच्या डॉक्टरांना मेलने धाडला. औषध तातडीने बदलायचं होतं. अहवाल पोहोचलाच नाही. चौथ्या दिवशी हनुमंतराव स्वतः विचारायला आले, तोवर तो डोळा गेला होता.

झालं होतं काय? मेलचं पत्र ज्या ज्या सर्व्हरमधून, म्हणजे ते पुढे पाठवणाऱ्या संगणकामधून, जातं, तिथे त्याच्यावर एक शिक्का बसतो. शिक्के फार झाले, की पत्र गोल गोल फिरतंय असं समजून सर्व्हर ते परत पाठवतो. पूर्वी एकदा खरंच तसा घोळ झाला होता, म्हणून बदरीनाथरावांनी पंधराची मर्यादा घातली होती. पुढे रुग्णालयाचे सर्व्हर वाढले. माझं पत्र सरळच चाललं होतं. सोळाव्या शिक्क्याला अडलं.

चौकशी झाली तेव्हा व्यवस्थापन म्हणालं, ‘तांत्रिक बिघाड’ लिहा. बदरीनाथराव मात्र बसने स्वामीमलैला गेले. मी सोबत होते.

“बिघाड नव्हे,” ते हनुमंतरावांना म्हणाले. “आकडा मी घातला होता. चूक माझी.”

हनुमंतरावांनी आम्हाला बसायला सांगितलं. मग म्हणाले, “आणखी कुणाचं असं अडू नये, इतकं करा.”

त्यानंतर महिनाभर बदरीनाथरावांनी प्रत्येक पत्राची वाट कागदावर काढली. सर्वांत लांब वाट एकोणीस शिक्क्यांची निघाली. त्यांनी मर्यादा पन्नास केली. शिवाय एखादा अहवाल परत आलाच, तर डॉक्टरांना फोन करायला माणूस नेमून घेतला.

आता जे कुणाला ठाऊक नाही ते सांगते. पत्र अडलं, की तशी सूचना पाठवणाऱ्याकडे येते. ती मला त्याच दिवशी आली होती. लांबलचक इंग्रजी मजकूर होता. मी न वाचता पुसून टाकला. सर्व्हरच्या नोंदीत बदरीनाथरावांना ती सूचना दिसली होती. चौकशीत त्यांनी माझं नाव घेतलं नाही. स्वामीमलैलाही नाही, आणि मी तर तिथे शेजारीच बसले होते.

मागाहून मी विचारलं, “का सांगितलं नाहीत?”

“ते तुझं तू सांगायचं, महालक्ष्मी.”

सहा वर्षं लागली मला.

अध्यक्षमहाशय, बोलू दिलंत, ऋणी आहे. बदरीनाथराव, तुमची तर आहेच. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर मंडळींनी पोटात घालावं. दुसऱ्या रांगेत हनुमंतराव बसले आहेत. हनुमंतराव, माझी खरी चूक तुमच्या बाबतीत झाली आहे. क्षमा मी तुमची मागते.