हलवाहलव

डोळ्यांत थेंब घालून दवाखान्यात डोळे मिटून बसलेल्या शिंपीणबाईंना शेजारचे मायलेक दिसत नव्हते, पण ऐकू सगळं येत होतं.

"आई, बाबांच्या आवाजाच्या फाइली माझ्याकडे परत अर्धवटच आल्या. वायर बदलली, सेटिंग बदललं, तरी रोज मध्येच तुटतंय."

"यंत्रच ते. दमत असेल."

"घरातला तो स्टोरेजचा डबा मरायला टेकलाय गं! तो गेला तर बाबांचा एक शब्द उरणार नाही. खरं सांग, तू बटण बंद करतेस?"

खुर्ची करकरली.

"करते."

"कपाळ माझं! का पण?"

"तूच म्हणालास ना, सगळं तुझ्याकडे हलवतोय म्हणून. त्यांचा आवाज तेवढा उरलाय घरात. तोही नेलास तर मी ऐकू काय, भिंती?"

"अगं, हलवणं म्हणजे तसं नाही. नुसती कॉपी होते. इथलं इथेच राहतं."

"नक्की?"

"तुझी शपथ."

"मग नाही करत बंद. पण पुढच्या महिन्यात मला तुझ्याकडे हलवणार आहेस, तेव्हाही मी इथली इथेच राहीन ना रे?"