तिसऱ्यांदा घेतलेलं माप

तुमाले आमचा थोरला दादा आठवते ना, कारंज्यातला शिंपी? साऱ्या गल्लीची मापं त्याले तोंडपाठ होती. नागपूरले कॅन्सरची इंजेक्शनं घेऊन आला अन् पुन्हा दुकानात बसला.

एक नवरदेव सदरा शिवाले आला. दादानं माप घेतलं, कात्री उचलली अन् थांबला. पुन्हा माप घेतलं, पुन्हा इसरला. तिसऱ्यांदा टेप लावला तवा नवरदेव म्हणे, "काहून गा दादा, माही छाती वाढून राह्यली का?"

दुकानातले आमी सारेच हसलो. दादा नाही हसला.

नवरदेव गेल्यावर त्यानं कात्री माह्या हातात देली. "आता तूच काप. त्या इंजेक्शनांनं केस गेले तं टोपी शिवली म्या. ध्यानातलं सारं गळून राह्यलं, त्याले काय शिवू?"