घुबडाची पिशवी डाव्या खांद्यावर

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय हैमवती गारू, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, मधोमध, गळ्यातला हार काढून मांडीवर घेऊन बसलेले आपले सत्कारमूर्ती यज्ञनारायण गारू, आणि समोर बसलेल्या माझ्या शिल्पलेखा स्टुडिओच्या सहकाऱ्यांनो,

सर्वांना माझा नमस्कार. मी सत्यवाणी. या स्टुडिओत एकोणीस वर्षं काढली, त्यातली सतरा सरांच्या हाताखाली. म्हणून निरोपाचं भाषण माझ्याकडे आलं. आयोजकांनी बजावून सांगितलं आहे, ‘अक्का, पाच मिनिटं आणि फक्त चांगलं बोला.’ त्यातलं एक तरी पाळायचा प्रयत्न करते.

सरांचं चांगलं काय सांगू? सरांच्या खिशाला कायम एक पेन असतं, संगणकाच्या पाटीवर शिल्प घडवायचं पेन. आत्ताही आहे, पाहा. नव्या मुलांना वाटतं, केवढा हा कलावंत! जुन्यांना ठाऊक आहे की गेल्या बारा वर्षांत ते पेन पाटीला लागलेलं नाही. एवढं जपून वापरलेलं पेन हैदराबादेत दुसरं सापडायचं नाही.

सरांची शिस्तही मोठी. खालच्या मजल्यावर, पाण्याच्या यंत्राशेजारी त्यांची सूचना अजून चिकटवलेली आहे: ‘स्टुडिओत फॅन आर्ट करू नये. दुसऱ्यांच्या बाहुल्या करणाऱ्यांची येथे गरज नाही.’ खाली सही. सहीखाली कुणीतरी बाहुली काढली आहे, तिला सरांसारखी मिशी आहे. ती कुणी काढली हे मला ठाऊक नाही आणि ठाऊक असतं तरी आज सांगितलं नसतं.

ही सूचना ज्या मुलीमुळे लागली ती आज सभागृहात नाही. तिचं नाव भ्रमरांबा. सूत्रसंचालकांनी मघाशी स्टुडिओच्या वाटचालीचा आढावा घेतला, त्यात इमारतीच्या नव्या लिफ्टचाही उल्लेख झाला, हिचा राहिला. तेवढी उणीव मी भरून काढते.

भ्रमरांबा ओंगोलची. दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा कुणाशी बोलायची नाही. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटांत अंबाडीचा गोंगुरा-भात संपवायची, हात दोनदा धुवायची, बोटं हुंगून पाहायची आणि स्वतःची पाटी काढून बसायची. पाटी स्वतःची, संगणक स्वतःचा, वेळ स्वतःचा. पडद्यावर आधी नुसता मातीचा गोळा दिसायचा. म्हणजे माती कसली, नुसता उजेड. पण ती पेनानं तो गोळा दाबायची, ओढायची, खरवडायची, आणि चार दिवसांनी त्याला डोळे फुटले. गूबा होता तो. पोस्टमन गूबा.

हसलात ना? ज्यांनी लहानपणी दर रविवारी सकाळी नऊ वाजता टीव्हीसमोर फतकल मारली, ते सगळे हसले. टपाल वाटणारं घुबड. दिवसा दिसायचं नाही बिचाऱ्याला, म्हणून कावळ्याचं पत्र खारीला आणि खारीचं सुसरीला. मग सगळ्या रानात भांडणं.

अकरा महिने ती त्या घुबडाच्या मागे होती. एकेक पीस वेगळं. खाकी सदऱ्याची कोपरं झिजलेली, कारण पोस्टमनचा सदरा कोपरावरच झिजतो असं तिचं म्हणणं. मी रोज तिच्या खुर्चीमागे चहा घेऊन उभी राहायचे. एकदा विचारलं, ‘एवढं कुणासाठी गं?’ तर म्हणाली, ‘कुणासाठी नाही, अक्का. मी त्याला कधी नीट पाहिलंच नव्हतं.’

आणि मग कारण सांगितलं. तिची आई एका घरी स्वयंपाकाला जायची. टीव्ही दिवाणखान्यात. ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. पुढे यायचं नाही, असं घरातल्यांनी सांगून ठेवलेलं. उंबऱ्यावरून टीव्ही दिसायचा नाही, पण समोरच्या कपाटाला आरसा होता आणि त्या आरशात टीव्ही दिसायचा. एवढ्याशा पोरीनं दोन वर्षं गूबा आरशात पाहिला.

एक दिवस सर तिच्या टेबलाशी थांबले. काय बोलले ते आपल्यापैकी निम्म्यांनी ऐकलं आहे, बाकीच्यांसाठी सांगते. सर, चुकलं तर सांगा.

‘काय गं घुबडवाली, स्टुडिओ आहे की पाळणाघर?’

‘सर, जेवणाची सुट्टी आहे.’

‘दुसऱ्याचं पोर कडेवर घेऊन फिरतेस. स्वतःचं एखादं होतंय का बघ. कलावंत नवं घडवतो, अम्माई. हे गिरवणं झालं.’

सगळे हसले. मीही हसले. मग सर म्हणाले, ‘याची एक प्रत मला दे. स्टुडिओचा वेळ गेला का ते तपासायला पाहिजे.’ मुलीनं मुकाट्यानं प्रत दिली. दुसऱ्या दिवशी सूचना लागली.

आता तपासणी किती कसून झाली ते ऐका. दोन महिन्यांनी चेन्नैचे लोक आले. पोस्टमन गूबावर नवा सिनेमा करायचा होता त्यांना, आणि तीन स्टुडिओंकडून नमुने मागवले होते. सोबत त्यांनी गूबाच्या जन्मदात्याला आणलं होतं. वीरभद्रय्या गारू. वय एक्याऐंशी, बापटल्याहून गाडीनं आलेले, पांढरी पंचा-धोतराची जोडी, गुडघ्याला पट्टा. त्या काळी एका खोलीत बसून त्यांनी हातानं गूबाची चित्रं काढली होती.

काचेच्या खोलीत आम्ही सहा जण होतो. भ्रमरांबा बाहेर, आपल्या जागेवर. सरांनी दिवे मंद केले, आणि पडद्यावर तिचा गूबा सावकाश फिरायला लागला. सर म्हणाले, ‘नमुना मी स्वतः केला आहे. अलीकडे वेळ मिळत नाही, पण लहानपणचं प्रेम, काय करणार?’

अशा प्रेमाला काय म्हणावं, हे व्यासपीठावरच्या विद्वानांनी ठरवावं.

 वीरभद्रय्या गारू उठून पडद्याजवळ गेले, झिजलेल्या कोपरावर बोट ठेवलं. म्हणाले, ‘गूबाच आहे. पण पिशवी डाव्या खांद्यावर कशी? मी उजव्या खांद्यावर दिली होती.’

आजोबांची समजूत घालावी तसे सर हसले. ‘यंत्रात एक सोय असते तातगारू, डाव्याचं उजवं होतं. चुकून बटण दाबलं गेलं असेल.’

म्हातारा म्हणाला, ‘असं? मग टोपीवरचं टपालाचं ट अक्षर उलटं का नाही झालं?’

म्हाताऱ्यानं पडद्यावरची पिशवी पुन्हा निरखली.

‘अक्षर नंतर वाचायला शिकून सुलटं केलं असेल,’ ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, ‘पिशवी पाहिली तशी राहिली. हे कुणीतरी आरशात पाहिलं आहे.’ आणि माझ्याकडे वळले. ‘अम्मा, तुम्ही सांगा. कुणी केलं हे?’

आता सभागृहाला विनंती, जी नजर तुम्ही इतका वेळ सरांकडे लावली आहे ती जरा माझ्याकडे वळवा. त्या खोलीत सगळं ठाऊक असलेली एकटी मी होते. आरसा ठाऊक, उंबरा ठाऊक, अकरा महिने ठाऊक. मी माझ्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘सरांनीच केलं आहे.’

सतरा वर्षांत सरांनी मला पुष्कळ शिकवलं, त्यातलं हे सगळ्यात चोख उतरलं.

वीरभद्रय्या गारूंनी वाद घातला नाही. काठी उचलली, काचेचं दार ढकललं आणि बाहेर टेबलांच्या रांगेत जाऊन, भाजीवाल्यानं हाळी द्यावी तसे ओरडले, ‘लहानपणी गूबा आरशात कुणी पाहिला?’

चाळीस माना वर झाल्या. तिसऱ्या रांगेतून भ्रमरांबा उभी राहिली. शिक्षा व्हायची असल्यासारखी.

‘मी पाहिला, तातगारू. दाराबाहेरून.’

‘आत का नाही आलीस?’

‘येऊ देत नव्हते.’

म्हातारा तिच्या खुर्चीवर बसला. गुडघा चोळला. मग म्हणाला, ‘पिसं किती गं ही?’

‘मोजली नाहीत. डाव्या पंखाची दोनदा केली.’

तोवर सर मागोमाग आले होते. सरांची बुद्धी अडचणीत जास्त चालते, हे मान्य करावं लागेल. ते म्हणाले, ‘घुबड काही हिचं नाही, तातगारू, तुमचं आहे. हिनं तुमचं घेतलं, मी हिचं घेतलं. यात चोरी कुणाची?’

म्हातारा म्हणाला, ‘घुबड माझं आहे, बाबा. पण पिसं माझी नाहीत. मला दर आठवड्याला शेकडो चित्रं काढायची असत, मी त्याला तीन रेघांत उडवायचो. एक पीससुद्धा कधी काढलं नाही. हिनं माझं घेतलं नाही, मी जे दिलंच नव्हतं ते त्याला दिलं. आणि घेतलं ते कुणाचं, हे ती लपवत नव्हती. तुम्ही तिच्याकडून काय घेतलंत तेवढं सांगा.’

 ते सर आजच्या सत्काराच्या उत्तरात सांगणार असतील तर आम्ही थांबू.

चेन्नैच्या लोकांनी काम द्यायचं कबूल केलं, पण घुबड भ्रमरांबाच करील या अटीवर. आणि वीरभद्रय्या गारू जाताना तिला एवढंच म्हणाले, ‘पिशवी डावीकडेच राहू दे.’ सरांना त्यानंतर महिन्याभरात प्रकृतीचा त्रास सुरू झाला आणि निवृत्तीची इच्छा झाली. निमंत्रणपत्रिकेत तसंच छापलं आहे, तेव्हा तसंच असणार.

भ्रमरांबानं मात्र इथे राहून काम केलं नाही. ती चेन्नैलाच गेली. जायच्या दिवशी सामान भरत होती तेव्हा मी जाऊन उभी राहिले. म्हटलं, ‘अम्माई, माझं चुकलं. मला माफ कर.’ तिनं डब्याचं झाकण लावलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘अक्का, तुम्ही तर रोज मागे उभ्या होतात ना?’ त्यात रागसुद्धा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

हैमवती गारू घड्याळाकडे पाहत आहेत. माइक बंद करू नका अण्णा, भेटवस्तूचं राहिलं आहे.

या स्टुडिओत एक पद्धत आहे, पाहुण्यांना ठाऊक नसेल. इथून जो निवृत्त होतो त्याला आपण त्याचीच वीतभर मूर्ती देतो. कुणीतरी सहकारी हौसेनं ती संगणकावर घडवतो, मग छापून, रंगवून घेतो. आपला शिपाई व्यंकन्ना गेला तेव्हा मूर्तीच्या हातात चहाची किटलीसुद्धा होती, आणि ती घडवायला सात जणांनी नावं दिली होती, चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.

सर, तुमच्यासाठी गेल्या महिन्यात कागद फिरवला. चाळीस शिल्पकार आहेत इथे. कागद कोरा आला. मी पुन्हा फिरवला, पुन्हा कोरा. मग म्हटलं, मीच करते. आठ दिवस बसले. नाक आलं, मिशी आली, खिशातलं पेन आलं. पण अशा कामात माणूस आवडावा लागतो, निदान त्याच्याकडे तासन् तास पाहत बसावंसं वाटावं लागतं. नवव्या दिवशी मी ते पुसून टाकलं.

तेव्हा सर, तुम्हाला आम्ही कोटी बाजारातल्या दुकानातून आणलेलं भिंतीवरचं घड्याळ देत आहोत. चांगलं आहे. एक वर्षाची हमी आहे. ते कुणीही घडवलेलं नाही, त्यामुळे ते कुणाचं म्हणून सांगावं असा प्रश्न तुम्हाला पडणार नाही.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. जेवणासाठी पुलिहोरा आणि बोब्बट्लु करणाऱ्या मंडळींचे आभार, त्यांना माझ्यामुळे उशीर झाला. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. सरांकडे मी माफी मागत नाही. ज्या मुलीकडे मागायची होती तिच्याकडे मागून झाली, आणि माफी अजून मिळालेली नाही.

नमस्कार.