फळीवर नसलेलं कार्ड

आजच्या निवृत्ती समारंभाचे अध्यक्ष आदरणीय डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, सत्कारमूर्ती श्री. कृष्णात नलवडे, सौ. लीलावहिनी, आणि जेवणाची सुट्टी मोडून सतरंजीवर येऊन बसलेल्या सर्व सिस्टर, आया आणि शिपाई बंधूंनो,

अध्यक्षांची परवानगी असेल तर टेबलाला हात टेकून बोलतो. रेकॉर्डच्या माडीचा जिना चढून-उतरून माझे गुडघे कामातून गेले आहेत, आणि त्याला कारण असलेले गृहस्थ हार घालून समोर बसले आहेत. त्यांचं कौतुक करायला मलाच उभं केलंत, याला काय म्हणावं?

नव्या मंडळींना ठाऊक नसेल. पूर्वी चौकशीच्या खिडकीत सगळ्या रुग्णांची कार्डं एकदम मांडलेली असत. दाखल असलेले, घरी गेलेले, पुन्हा यायचे असलेले, सगळे. टेबल केवढं? पोळपाटाएवढं म्हटलं तर पोळपाट रागावेल. एक कार्ड काढायला जावं तर दहा खाली पडत. मिरजेला कुठून कुठून माणसं दुखणं घेऊन येतात. त्यांचे नातेवाईक खिडकीबाहेर ताटकळत आणि आत आम्ही ओणवे होऊन कार्डं वेचत असू.

मग पलटणीतून नलवडे आले. आल्या आल्या त्यांनी भिंतीला खणांची फळी ठोकली. म्हणाले, "मावतील तेवढीच कार्डं हितं. बाकी समदी माडीवर." ज्याची चौकशी झाली त्याचं कार्ड पहिल्या खणात. बाकीची एकेक खण मागं सरकणार, आणि ज्याला बरेच दिवस कुणी विचारलं नाही ते शेवटच्या खणातून निघून वर. म्हसवडची एसटी यायच्या आधीच तिकडच्या रुग्णांची कार्डं खाली आणून ठेवायची, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको. व्यवस्था नामी होती. डोकं त्यांचं, पाय माझे.

पण एकदा काय झालं ते सांगतो. बहात्तरच्या दुष्काळानंतरची नागपंचमी होती. नलवडे वर्षातून एकदाच रजा घेत, शिराळ्याच्या नागपंचमीला. खिडकीत बसले आपले जोतीराम. आज ते मुख्य लिपिक आहेत. हा किस्सा सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून सकाळीच घेतली आहे. मंडळी, हसू नका, तेव्हा ते नवे होते.

आकाराम नावाचा म्हसवडकडचा मेंढपाळ खिडकीशी आला. बायकोला, धोंडुबाईला, पोटाच्या ऑपरेशनसाठी दाखल करून तो मेंढरांकडे परत गेला होता आणि ठरल्या दिवशी आला होता. मधल्या दिवसांत तिला भेटायला कोण येणार? कुणी विचारलं नाही, म्हणून तिचं कार्ड माडीवर गेलेलं. नलवडे असते तर एसटीच्या आधी ते खाली आलं असतं. जोतीरामांनी फळी बघितली आणि सांगितलं, "ह्या नावाचं कुणी न्हाई."

आता मिरजेत दवाखाने काय थोडे आहेत? दुसरीकडं हलवली असेल, असं समजून आकारामानं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि एकेका दवाखान्यात बायको हुडकत फिरला. इकडे धोंडुबाई वरच्या वॉर्डात भिंतीकडे तोंड करून पडलेली. "मालक आल्याबिगर मी अंगाला हात लावू द्यायची न्हाई." डॉक्टर म्हणत होते, आता थांबणं धोक्याचं आहे. खाली नवरा बायकोला शोधतोय, वर बायको नवऱ्याची वाट बघतेय, आणि मधे आमची ती नामी फळी!

नलवडे रजेवरून परतले त्या दिवशी, सगळे दवाखाने पालथे घालून, आकाराम पुन्हा आमच्या खिडकीशी आला. नलवड्यांनी फळी बघितली आणि जिन्याकडे तोंड करून ओरडले, "आप्पासो, माडी बघ!" मी वर धावलो, कार्ड मिळालं.

नलवडे त्याला म्हणाले, "बाबा, भांडायचं न्हाई का त्या दिशी?"

"सायबानं फळी बघून सांगितलं की. लिवल्यालं खोटं असतंय व्हय?"



नलवडे त्याचा हात धरून वर घेऊन गेले. धोंडुबाईनं नवऱ्याला बघितलं. "आवं, मेंढरं कुणाकडं सोडून आलाय?" एवढंच म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडली. त्याच दुपारी ऑपरेशन झालं. बाई वाचली, पुढं आपल्या पायांनी एसटीत चढली.

नलवडे जोतीरामांना एक शब्द बोलले नाहीत. रंगाचा डबा आणून त्यांनी फळीवर लिहिलं, 'इथे नसेल तर माडीवर पाहा. मगच नाही म्हणा.' झालं! तेव्हापासून प्रत्येक 'नाही'साठी माझा जिना. कितीदा वर जाऊनही कार्ड नसतंच. तरी जायचं. थकलो, साहेब. खरंच थकलो.

विश्वस्तांनी मला बसून करायचं काम देऊ केलंय, त्यांचे उपकार आहेत. आज सकाळी नलवड्यांनी खिडकीची किल्ली जोतीरामांच्या हातात ठेवली आणि माझ्याकडे आले. वाटलं, आता गळ्यात पडतील. तर म्हणाले, "गड्या, गुडघं चालत्यात न्हवं अजून?"

मी म्हणालो, "चालत्यात."

आपण सर्वांनी माझी कुरकुर ऐकून घेतलीत, आभारी आहे. कुणाला काही लागलं असेल तर ते थकल्या माणसाचं बोलणं म्हणून पोटात घाला. आणि साहेब, त्या खुर्चीचं तूर्त राहू द्या. चहाला थांबत नाही, जातो. खिडकीशी कुणीतरी उभं असेल.