धुळाजीबाबा जिवंत आहेत

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले 'कृपानिवास' बालगृहाचे सन्माननीय विश्वस्त, सचिव श्री. भारतराव, चर्चची वडीलधारी मंडळी, राजूर पंचक्रोशीतून आलेले माझे ग्रामस्थ बंधू-भगिनी, समोर सतरंजीवर बसलेली माझी लेकरं आणि आजच्या सत्कारमूर्ती, या घराच्या गृहमाता भावनाताई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी पुंजाराम. गावातल्या शाळेत मास्तर होतो, आता निवृत्त आहे. या बालगृहातली बहुतेक लेकरं माझ्या हाताखालून गेली, म्हणून ग्रामस्थांच्या वतीनं चार शब्द बोलायचा मान मला दिला. आत येताना भारतरावांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "गुरुजी, थोडक्यात. आणि गोड बोला." भारतराव, थोडक्यात बोलायचा प्रयत्न करतो. गोडाचं मात्र मला जमेल असं दिसत नाही.

माझ्या पाठीमागचा हा फलक आपण सगळ्यांनी वाचलाच असेल. 'प्रकृतीच्या कारणास्तव सेवानिवृत्ती.' कोणाची प्रकृती, अध्यक्ष महोदय? भावनाताईंची? आज सकाळी या बाईनं तुमच्या-आमच्या जेवणाचं भाताचं पातेलं एकटीनं चुलीवरून उतरवलं. मी डोळ्यानं पाहिलं. मग बिघडलंय कोणाचं?

क्षमा असावी, आवाज चढला. आधी रीतीप्रमाणे ज्यांचे आभार मानायचे त्यांचे मानतो.

हे घर परदेशातल्या एका चर्चच्या आधारावर उभं आहे. तिथली साधी माणसं, बरीचशी म्हातारी, आपल्या पेन्शनीतून बाजूला काढून इथल्या लेकरांच्या गव्हाची, डाळीची, औषधांची, वह्या-पुस्तकांची सोय करतात. त्यातल्या बहुतेकांनी या लेकरांना कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. मी हिंदू माणूस, माझ्या घरी गणपती बसतो, पण हे उपकार मी कधी नाकारणार नाही. इथं कोणाच्या लेकराला देव बदलायला सांगितलं नाही, हेही गावासमोर सांगतो, कारण गावात नाही नाही ते बोललं जातं.

आता आपल्या शालूबद्दल. ती पुढच्या रांगेत बसली आहे. शालूचे आईवडील ऊसतोडीला गेले होते. परत येताना ट्रॅक्टर उलटला आणि दोघंही गेले. मागं राहिले एकटे आजोबा, धुळाजीबाबा. मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणारा माणूस. आज या शिवारात, उद्या त्या. लेकीच्या लेकराला शाळा कुठून द्यायची? त्यांनी शालूचा हात धरून तिला या दारात आणलं आणि भावनाताईंना म्हणाले, "बाई, सांभाळा. मी येत जाईन." आणि ते येत राहिले. पावसाळ्यात चिखल तुडवत आले, उन्हाळ्यात फुफाट्यातून आले. मेंढरं कितीही लांब असोत, बाजाराच्या दिवशी म्हातारा फाटकाशी हजर. अशा लेकराला आपण अनाथ म्हणायचं का? तुम्हीच सांगा.

गेल्या हिवाळ्यात परदेशातले पाहुणे आले. त्यात एडिथबाई नावाच्या पांढऱ्या केसांच्या आजीबाई होत्या. लेकरांच्या पंगतीत मांडी घालून बसल्या आणि पिठलं-भाकरी खाल्ली. त्यांच्याबरोबर कॅमेरेवाला होता. तिकडच्या चर्चमध्ये दाखवायला छोटीशी फिल्म करायची होती. यात गैर काही नाही. भावनाताईंनी पहाटे उठून पोरींच्या वेण्या घातल्या, रिबिनी बांधल्या, स्वेटर चढवले.

कॅमेरा लागायच्या आधी भारतराव आले. मी तिथं उभा होतो. म्हणाले, "ह्या रिबिनी काढा. स्वेटर काढा. चपला पण. इतकं नटवलं तर त्यांना गरज काय कळणार?"

भावनाताई म्हणाल्या, "साहेब, गारठा आहे. लेकरू कुडकुडंल."

"थोडं कुडकुडलं तर काही होत नाही. दिसायला बरं दिसतं."

दिसायला बरं दिसतं! अध्यक्ष महोदय, आई-बाप गमावलेल्या पोरीच्या घातलेल्या वेण्या या अंगणात सोडल्या गेल्या. का, तर ती पुरेशी दुःखी दिसत नव्हती म्हणून.

त्यात तो बाजाराचा दिवस. धुळाजीबाबा पटक्याच्या टोकाला बोरं बांधून आले. त्यांना सांगितलं, "बाबा, तुम्ही जरा पाण्याच्या टाकीमागं थांबा." बिचारे थांबले. साहेब सांगतात म्हणजे काही कारण असेल, असं त्यांना वाटलं.

एडिथबाईंनी शालूला विचारलं. भारतराव मधे दुभाषी. "तुझ्या घरी कोण आहे बाळ?"

शालू म्हणाली, "आजा हाये. त्यो काय, टाकीमागं उभा केलाय."

भारतरावांनी इंग्रजीत काहीतरी सांगितलं. ते इतकं जल्दी सांगितलं की मला धड कळलं नाही. एडिथबाईंचे डोळे भरले. त्यांनी शालूला जवळ घेतलं. कॅमेरा बंद झाला तशा भावनाताई धावल्या, पोरीला स्वेटर घातला, टाकीमागून धुळाजीबाबांना बोलावून हातात चहा दिला. आम्हाला वाटलं, झालं, संपलं.

उन्हाळ्यात माझा जुना विद्यार्थी अंगद गावी आला. तो जालन्यात बियाण्याच्या कंपनीत आहे, इंग्रजी चांगलं येतं. त्यानं मोबाईलवर ती फिल्म दाखवली. माझ्या ओट्यावर आम्ही तिघं होतो. अंगद, मी आणि योगायोगानं धुळाजीबाबा. पडद्यावर नात दिसताच म्हातारा फुलला. "ही बघा आमची शालू! आन् हे काय म्हणून राह्यलं रे अंगद? तिच्या मागं कोण बोलून राह्यलंय?"

अंगदनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "सांग रे."

अंगद खाली मान घालून म्हणाला, "बाबा, ती म्हणते असं दाखवलंय की, माझं या जगात कोणी न्हाई. आजोबा होते, ते पण गेले."

धुळाजीबाबांनी पडद्यावरच्या नातीवर बोट ठेवलं. मग मला म्हणाले, "म्हंजी गुरुजी, मला मारलं का त्याइनी? मी तं तिथंच उभा होतो."

मंडळी, मी आयुष्यभर वर्गात पोरांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. धुळाजीबाबांचा हा प्रश्न मी तुमच्यापुढं ठेवतो. उत्तर इथं कोणाकडं असेल तर त्यानं उठून द्यावं.

हे कळल्यावर भावनाताई भारतरावांकडं गेल्या. ती फिल्म काढून टाका म्हणाल्या. उत्तर मिळालं, "ताई, आजा जिवंत असला तर अनाथ कशी? मदत बंद झाली तर उद्या लेकरं काय खातील? ते पाप तुमच्या डोक्यावर." चार दिवस बाईला घास गेला नाही. लेकरांच्या ताटाची भीती घातल्यावर कोणती आई डगमगणार नाही? पण पाचव्या दिवशी त्यांनी अंगदला बोलावलं आणि थेट एडिथबाईंना फोन लावला. अंगद दुभाषी. सगळं खरं सांगितलं.

पलीकडून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एडिथबाई म्हणाल्या, "मी तर तिथंच होते. मला भेटवलं का नाही त्यांना?" आणि म्हणाल्या, आजोबांशी बोलायचंय.

शेजारीच बसलेल्या धुळाजीबाबांनी फोन दोन्ही हातांनी धरला. म्हणाले, "बाई, मी हाये. माझी नात तुमच्या अन्नावर वाढून राह्यली, त्याची मला लाज न्हाई. तुमचं भलं होवो. पण मला मारू नका. तिला कळलं तं ती काय म्हणंल?"

काय झालं पुढं? मदत बंद झाली? बिलकुल नाही. फिल्म काढली गेली. एडिथबाईंनी आपल्या चर्चमध्ये उभं राहून साऱ्यांसमोर सांगितलं की आपल्याला चुकीचं दाखवलं गेलं, या मुलीला आजोबा आहेत, आणि आपला हात आपण मागं घेणार नाही. ज्यांची भीती आम्हाला घातली, ती सातासमुद्रापलीकडची माणसं शरमली. शरमलं नाही ते इथलं कोणी! इथं काय झालं? विश्वस्तांची बैठक झाली आणि ठरलं की भावनाताईंची प्रकृती बरी नसते.

भारतराव, मान खाली घालू नका, माझ्याकडं बघा. तुम्ही वाईट माणूस नाही. या घराचं छप्पर गळत होतं तेव्हा तुम्हीच दारोदार फिरलात, हे मला माहीत आहे. पण लेकराचं दुःख कमी पडलं म्हणून त्यात भर घालायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? जिवंत माणसाला मेलेला सांगायचा अधिकार कोणत्या धर्मात आहे? आणि खरं बोलणाऱ्या बाईला हार घालून दाराबाहेर काढायचं, वर आम्हाला टाळ्या वाजवायला बोलवायचं, हा कुठला न्याय?

आणखी एक सांगून थांबतो. भावनाताई इथून जाणार म्हणून आठवडाभर लेकरं रडत आहेत. लेकरांनो, ऐका. तुमची मावशी कुठंही जात नाही. शाळेशेजारच्या माझ्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, कालच त्यांचं सामान तिथं उतरलं. शाळा सुटली की अभ्यासाला यायचं. धुळाजीबाबाही बाजाराच्या दिवशी तिथंच येतील, आणि त्यांना कोणी कशाच्या मागं उभं करणार नाही.

अध्यक्ष महोदय, ही शाल भावनाताईंच्या खांद्यावर घालायचं काम आपण माझ्याकडं सोपवलं आहे. ती मी घडी न मोडता आपल्यासमोर टेबलावर ठेवतो. त्या का जात आहेत, याचं खरं कारण आपण या सभागृहात आपल्या तोंडानं सांगा. मग मी आनंदानं शाल घालीन, आणि पहिली टाळी माझी असेल.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. शब्दांची निवड चुकली असेल, वेळेचं भान सुटलं असेल, लेकरांसमोर मोठ्यानं बोललो असेन, तर ती चूक पदरात घ्यावी. जे बोललो त्याबद्दल मात्र माफी मागत नाही.

नमस्कार.