साहेबांचा स्टँडअप

तुमच्या ऑफिसात ते एजाइल, म्हणजे कामाची नवी पद्धत, आलंय का? आमच्या आलमबागच्या ऑफिसात साहेब ट्रेनिंगहून घेऊन आले. रोज सकाळी स्टँडअप. म्हणजे काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, एवढंच सगळ्यांनी उभ्याउभ्या सांगायचं. पाय दुखायच्या आत मीटिंग संपावी, म्हणून उभं राहायचं.

आम्ही उभे राहायचो. साहेब खुर्चीत बसून चहा घ्यायचे. त्यांचे पाय काही दुखायचे नाहीत, त्यामुळे मीटिंग तासभर चालायची. शेजारचे तिवारीजी गुडघ्याचे पेशंट, ते बिचारे भिंतीला टेकून कण्हायचे.

मग एका सोमवारी रेट्रोस्पेक्टिव्ह झालं, म्हणजे काय चुकतंय ते बोलायची बैठक. साहेब म्हणाले, "खुलके बोलिए, यहाँ कोई छोटा-बड़ा नहीं."

"सब बढ़िया है सर," सगळे म्हणाले.

मी तेवढा बोललो, "सर, आप भी खड़े रहें तो मीटिंग जल्दी ख़त्म होगी."

"बहुत अच्छा फीडबैक," साहेब हसले.

दुसऱ्या दिवशी कामांच्या चिठ्ठ्या लावायच्या बोर्डावर ‘ब्लॉकर’च्या, म्हणजे अडथळ्यांच्या रकान्यात एकच पिवळी चिठ्ठी. तिच्यावर माझं नाव. तिवारीजी कानाशी म्हणाले, "यार जोशी, सच में बोलने को किसने कहा था?"

शुक्रवारी माझी चिनहटच्या गोदामात बदली झाली. त्या दिवशी साहेब पहिल्यांदा खुर्चीतून उठले आणि स्वतःच्या हाताने ती चिठ्ठी ‘डन’मध्ये लावली. त्या बोर्डावर वेळेत पुरं झालेलं ते एकमेव काम.