मुंग्यांवरील व्याख्यान आणि वाकानाचे आभार

सुज्ञ वाचकहो, केनियाच्या संशोधक बाईंचे मुंग्यांवरील व्याख्यान ऐकून माझ्या बसमध्ये चढलेल्या दोन विद्यार्थिनींचा संवाद मी येथे यथातथ्य सादर करीत आहे.

"वाकाना, पडद्यावर एकही चित्र उमटलं नाही, आणि तू ‘आपली सुंदर चित्रं विसरणार नाही’ म्हणालीस!"

"कोझुए, दात काढू नकोस! सरांनी आभाराचं भाषण माझ्याकडून आठवडाभर आधीच घोकून घेतलं होतं. यंत्र बिघडेल आणि बाई स्वतःच मुंगीसारख्या रांगून दाखवतील हे कुणाला ठाऊक?"

"सगळं सभागृह खदखदून हसलं गं!"

"म्हणून कागद खिशात कोंबला आणि म्हटलं, ‘बाई, जमिनीवर रांगून आम्हाला आजवर कुणीच शिकवलं नव्हतं.’"

"मनाचं बोललीस? आता सर तुला सोलून काढणार!"

"त्यांनी ऐकलंच नाही! बाईंनी त्यांना मुंगी केलं होतं ना, ते रांगत रांगत केव्हाच दाराबाहेर गेले होते!"

वाचनाचे कष्ट घेतल्याबद्दल आपला ऋणी,
कुराशिना इवाओ, बसचालक, मात्सुमोतो.